पाळीव साप आणि तुमच्याकडची हवा : नव्यानं साप पाळणाऱ्यांसाठी

साप पाळायचं मनात आलं की पहिला प्रश्न असतो, ‘पेटीत तापमान किती ठेवायचं?’ आकडा कुठेही मिळतो. बॉल पायथनसाठी (हा आफ्रिकेतला एक अजगर) पेटीची उबदार बाजू ३१ ते ३२ अंश सेल्सिअस, थंड बाजू २५ ते २७. पण हेच आकडे गाठायला थंड, कोरड्या प्रदेशातल्या माणसाला जे करावं लागतं, त्याच्या बरोबर उलट दमट किनारपट्टीवरच्या माणसाला करावं लागतं. पहिल्याला पेटीत ऊब आणि ओलावा घालायचा असतो. दुसऱ्याला दोन्ही बाहेर काढायचे असतात, आणि काढणं हे घालण्यापेक्षा फार अवघड काम आहे.

सापांच्या देखभालीचे तक्ते बहुतेक करून थंड हवेच्या देशांत राहणाऱ्यांनी लिहिलेले असतात. त्यात खोली २०-२२ अंशांची धरलेली असते, हे कुठे लिहिलेलं नसतं. त्यांच्या यादीतली सगळी उपकरणं आणून, सगळं नीट मांडूनही साप आजारी पडतो तेव्हा माणूस गोंधळतो. मी या वाटेनं गेलो आहे आणि आता नवख्यांना एकच गोष्ट आग्रहानं सांगतो : साप आणण्याआधी आपल्या खोलीची हवा ओळखा आणि त्या हवेला सोसेल असाच साप निवडा.

१. आधी खोली मोजा

पेटी ज्या कोपऱ्यात ठेवणार, तिथेच मोजायचं. हवामान खात्याचा आकडा सावलीतल्या मोकळ्या हवेचा असतो. तुमची खोली सर्वांत वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीला लागून असेल, तर संध्याकाळी ती बाहेरच्यापेक्षा जास्त तापलेली असते.

कमाल आणि किमान दोन्ही लक्षात ठेवणारा डिजिटल तापमापक घ्या, आर्द्रता दाखवणारा असेल तर उत्तम. रोज सकाळ-संध्याकाळ दोन्ही आकडे वहीत टिपा. शक्य असेल तर वर्षातल्या सर्वांत गरम आणि सर्वांत थंड काळातल्या नोंदी हाताशी असल्याशिवाय साप आणू नका. तितकं थांबणं जमणार नसेल, तर निदान गेल्या वर्षी त्या खोलीत सर्वांत वाईट दिवस कसे गेले होते, हे घरातल्यांना विचारून घ्या. सरासरीचा इथे उपयोग नाही. साप सरासरीनं मरत नाही, एका दुपारनं मरतो.

आर्द्रतामापक नवा असला तरी तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून त्याचा ओलसर लगदा करा. मीठ विरघळून पाणी व्हायला नको. हे झाकण आणि मापक एकाच हवाबंद पिशवीत घालून रात्रभर ठेवा. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक ६८ दाखवत असेल तर तो ७ नं कमी दाखवतो, एवढं त्याच्या पाठीवर लिहून ठेवा. काट्याचे, चिकटवायचे गोल मापक मात्र घेऊच नका.

२. सापाचा मूळ प्रदेश समजून घ्या

साप स्वतःच्या शरीरात उष्णता जवळजवळ तयार करत नाही. अंड्यांवर वेटोळं घालून स्नायू थरथरवत त्यांना ऊब देणारी अजगराची मादी हा विरळा अपवाद. बाकी पचन, रोगाशी लढण्याची ताकद, कात टाकणं हे सगळं बाहेरून मिळणाऱ्या उष्णतेवर चालतं. रानात साप ऊन-सावली बदलत स्वतःचं तापमान सांभाळतो. पेटीत तेवढीच मुभा असते जेवढी आपण देऊ.

मूळ प्रदेश बघताना नवखे एका ठिकाणी हमखास चुकतात. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या गवताळ प्रदेशातला, म्हणून त्याला कोरडी, तापलेली हवा लागते असं ते धरतात. प्रत्यक्षात तो दिवसाचा बराच वेळ उंदरांच्या बिळात नाहीतर वारुळात काढतो, आणि तिथली हवा वरच्या जमिनीपेक्षा सौम्य आणि दमट असते. त्यामुळे त्याला साधारण ५५ ते ६५ टक्के आर्द्रता लागते, कात टाकण्याच्या सुमारास थोडी जास्त. नकाशावरचा प्रदेश बघून भागत नाही, साप त्या प्रदेशात कुठे लपतो ते बघायचं.

कॉर्न स्नेक अमेरिकेच्या आग्नेय भागातला. तिथे उन्हाळा दमट आणि हिवाळा चांगलाच थंड, म्हणून हा साप बराच सोशिक आहे. उबदार बाजू २९ ते ३१, थंड बाजू २२ ते २४, आर्द्रता ४० ते ६० टक्के. पूर्व आफ्रिकेतला केनियन सँड बोआ वाळूत रुतून राहतो. त्याला उबदार बाजू ३३-३४ पर्यंत चालते, पण सततचा ओलावा सोसत नाही. न्यू गिनीच्या पावसाळी जंगलातला ग्रीन ट्री पायथन दिसायला देखणा, पण त्याला दमट आणि तरीही खेळती हवा लागते, आणि ती सांभाळणं नवख्याचं काम नाही. आशियातल्या डोंगराळ भागातला मँडरीन रॅट स्नेक तर थंडाव्याचा साप. इतर सापांना सुखाची वाटणारी तिशीतली हवाच त्याला आजारी पाडते.

३. जुळवून बघा

आता वहीतले आकडे आणि सापाचे आकडे शेजारी शेजारी ठेवा.

खोली वर्षभर १६ ते २४ अंशांत राहत असेल तर निवडीला बराच वाव आहे. उष्णता वाढवता येते, खर्च फक्त विजेचा. खोली वर्षातले काही महिने ३३-३४ च्या वर जात असेल तर प्रश्न गंभीर आहे. थर्मोस्टॅट हीटर बंद करू शकतो, थंडावा आणू शकत नाही. खोली ३६ अंशांवर गेली की पेटीचा प्रत्येक कोपरा निदान ३६ वर जातो. ‘थंड बाजू’ उरतच नाही, आणि सापाला पळायला जागा नसते. अशा घरात ती खोली थंड ठेवण्याची खात्रीची सोय असेल, तुम्ही कामावर असतानाही ती चालू राहणार असेल, तरच पुढे जा. नसेल तर साप आणू नका. हे ऐकायला कडू आहे, पण इथे मधला मार्ग मला तरी सापडलेला नाही.

आर्द्रतेचंही तसंच. वर्षातले चार महिने ८५-९० टक्क्यांवर राहणाऱ्या ठिकाणी सँड बोआ किंवा वेस्टर्न हॉगनोजसारखे कोरड्या प्रदेशातले साप सतत जपावे लागतात. तिथे बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेक अधिक बरा. कोरड्या, उंचावरच्या प्रदेशात उलट.

४. कागदपत्रं

अनेक देशांत स्थानिक रानटी साप पकडून पाळणं हा गुन्हा आहे, आणि तो नैतिकदृष्ट्याही चूक आहे. बंदिवासात जन्मलेलाच साप घ्यायचा. साधारणपणे ही कागदं लागतात :

- साप बंदिवासात जन्मल्याचं पैदासकाराचं लेखी प्रमाणपत्र, त्यात प्रजातीचं शास्त्रीय नाव
- खरेदीची पावती
- तुमच्या भागात लागत असेल तर पाळण्याचा परवाना किंवा नोंदणी
- साप दुसऱ्या देशातून आला असेल तर ‘साइट्स’ची, म्हणजे धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची कागदं. हा करार १९७३ साली झाला आणि १९७५ पासून लागू आहे. अजगर आणि बोआ कुळांतले साप त्याच्या याद्यांत आहेत.
- घर भाड्याचं असेल तर मालकाची लेखी परवानगी

नियम बदलत असतात, म्हणून वनखात्याकडून किंवा वन्यजीव कार्यालयातून आजचे नियम विचारून घ्या. विकणाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

नियम इतके कडक का, यामागेही हवामानच आहे. ज्या प्रदेशाची हवा सापाला मानवते, तिथे सुटलेला साप जगतो आणि वाढतो. अमेरिकेत फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स दलदलीत बर्मीज अजगरांनी स्थानिक सस्तन प्राण्यांची वाताहत केली. जानेवारी २०१० च्या कडाक्याच्या थंडीत त्यातले बरेच मेले, पण सगळे नाहीत. स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर पाळीव म्हणून आणलेले कॅलिफोर्निया किंगस्नेक सुटून पसरले आणि तिथल्या सरड्यांच्या मुळावर आले. म्हणून, जिथे साप पाळणं हवेमुळे सोपं, तिथे कुलूप जास्त पक्कं हवं.

५. पेटी आणि साहित्य

जाळीच्या झाकणाची काचपेटी दुकानात सगळ्यांत आधी दाखवतात. दमट, उष्ण ठिकाणी ती चांगली, कारण हवा खेळती राहते. थंड किंवा कोरड्या ठिकाणी तिच्यातून ऊब आणि ओलावा दोन्ही वरून निघून जातात. तिथे पीव्हीसीची, समोरून उघडणारी, बाजूला मोजक्या फटी असलेली पेटी घ्या. लाकडी पेटी ऊब धरते, पण दमट हवेत फुगते आणि सांध्यांत बुरशी धरते. आतून जलरोधक लेप दिलेला नसेल तर ती घेऊ नका.

पेटी खिडकीतल्या उन्हात कधीही ठेवू नका. काचेतून आलेलं ऊन आत अडकतं आणि तापमान भराभर चढतं. एकावर एक पेट्या असतील तर वरची पेटी खालच्यापेक्षा गरम राहते, हेही मोजून बघा.

एवढं साहित्य साप येण्याआधी मांडून, चालवून बघितलेलं हवं :

- थर्मोस्टॅट आणि त्याला जोडलेला हीटर
- तारेचं टोक आत सोडता येईल असे दोन डिजिटल तापमापक, एकेका बाजूला एक
- तपासलेला आर्द्रतामापक
- पृष्ठभागाचं तापमान सांगणारा इन्फ्रारेड तापमापक
- लपायच्या दोन जागा, एक उबदार बाजूला, एक थंड बाजूला
- सापाचं अंग मावेल असं जड पाण्याचं भांडं
- ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा
- पेटीचं कुलूप

६. उष्णता

थर्मोस्टॅटशिवाय हीट मॅट (पेटीचा तळ तापवणारी विजेची चटई) लावू नका. पोटाखालची जमीन भाजण्याइतकी तापली तरी साप कित्येकदा तिथून हलत नाही, आणि पोटावरचे भाजल्याचे व्रण भरायला फार वेळ घेतात. थर्मोस्टॅटचं टोक मॅटच्या बरोबर वर, साप जिथे टेकतो तिथे पक्कं बसवा. साप ते ढकलून सरकवतो. टोक थंड जागी गेलं की थर्मोस्टॅटला वाटतं अजून ऊब हवी, आणि मॅट तापतच राहते. म्हणून रोज एकदा त्या जागेचा आकडा इन्फ्रारेड तापमापकानं बघायची सवय लावा.

थंड प्रदेशातल्यांसाठी दुसरी गोष्ट. मॅट जमीन तापवते, हवा फारशी तापवत नाही. खोली १५ अंशांवर असेल तर साप उबदार जमिनीवर बसून थंड हवा श्वासात घेतो. तिथे वरून ऊब देणारा सिरॅमिक हीटर लावा, भोवती जाळी घालून, म्हणजे सापाचं अंग त्याला लागणार नाही.

७. आर्द्रता : सगळ्यांत जास्त गोंधळ इथे

आर्द्रतेचा टक्का हा हवेत किती वाफ आहे याचा आकडा नव्हे. त्या तापमानाला हवा जितकी वाफ धरू शकते, त्याचा किती हिस्सा आत्ता आहे, ते तो सांगतो. गरम हवा जास्त वाफ धरते. २० अंशांना एक घनमीटर हवा सुमारे १७ ग्रॅम, ३० अंशांना सुमारे ३० ग्रॅम.

याचा परिणाम असा. खोली २० अंशांवर आहे, आर्द्रता ५० टक्के, म्हणजे अगदी बरी. तीच हवा पेटीत ३० अंशांवर नेली की आर्द्रता २८ टक्क्यांवर येते. पाणी कुठेही गेलेलं नाही, पण सापाच्या दृष्टीनं हवा कोरडी ठणठणीत झाली. थंड प्रदेशात हिवाळ्यात कात तुकड्यातुकड्यांनी निघते ती यामुळे. उलट बाजूला, दिवसा ३० अंशांना ६५ टक्के आर्द्रता असलेली हवा रात्री २२ वर उतरली की तिला तेवढी वाफ धरवत नाही, आणि काचेवर पाणी धरतं. दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक असलेल्या प्रदेशात सकाळी पेटीचा तळ ओला सापडतो तो असा. म्हणजे आर्द्रता पाहिजे तशी राखायची असेल तर आधी तापमान स्थिर करावं लागतं.

कोरड्या हवेत काय करायचं? नवखे दिवसातून पाच वेळा पाणी फवारतात. त्यानं वरचा थर ओला होतो, तासाभरात सुकतो, आणि आकडा वरखाली नाचत राहतो. त्यापेक्षा नारळाच्या काथ्याचं किंवा सालीचं जाड बेडिंग घाला, पाणी कोपऱ्यातून तळाशी ओता आणि वरचा थर कोरडा राहू द्या. जाळीचं झाकण असेल तर त्याचा बराचसा भाग झाका. शिवाय ओलसर मॉस (शेवाळ) भरलेला एक डबा, आत जायला भोक पाडून, उबदार बाजूला ठेवा. कात टाकायच्या दिवसांत साप आपणहून त्यात जाऊन बसतो.

दमट हवेत फवारणी बंद. पाण्याचं भांडं लहान करा आणि थंड बाजूला ठेवा. लाकडी भुशाला लगेच बुरशी येते, तेव्हा त्या महिन्यांत साधा कागद घालून रोज बदलणं उत्तम. देवदार आणि पाइन यांचा भुसा कुठल्याही हवेत नको, त्यातले तेलकट उग्र घटक सापाला बाधतात. हवा खेळती ठेवा. दमट आणि वाहती हवा बहुतेक साप सोसतात, दमट आणि कोंडलेली सोसत नाहीत. आणि दमट आणि थंड हे तर सगळ्यांत वाईट. श्वसनाचे बहुतेक आजार या जोडीतून येतात, म्हणून पावसाळी दिवसांत ‘बाहेर गार आहे’ म्हणून हीटर काढून ठेवू नका.

८. कडक उष्मा

उष्म्याला मी सगळ्यांत जास्त भितो. थंडीत साप मंदावतो आणि बहुधा तुम्हाला दुरुस्तीला वेळ मिळतो. ३८-४० अंशांत तेवढा वेळ मिळत नाही.

खोली ३२ च्या वर जाऊ लागली की हीटर पूर्ण बंद करा. वातानुकूलन असेल तर २६-२७ वर ठेवा आणि झोत पेटीवर येऊ देऊ नका. ते हवा कोरडी करतं, तेव्हा आर्द्रतेवर लक्ष हवं. पाण्याचा कूलर कोरड्या उष्म्यात छान चालतो, दमट उष्म्यात तो फक्त ओल वाढवतो. नुसता पंखा सापाला गार करत नाही, कारण त्याला घाम नसतो. वीज नसेल तर गोठवलेल्या पाण्याची बाटली जाड फडक्यात गुंडाळून पेटीच्या एका टोकाला ठेवा, म्हणजे सापाला जवळ जायचं की दूर हे ठरवता येतं.

साप सतत पाण्यात बसतो, काचेला नाक घासत सैरभैर फिरतो, तोंड उघडून श्वास घेतो, ही तापल्याची लक्षणं. त्याला ताबडतोब घरातल्या सर्वांत गार खोलीत हलवा, हळूहळू गार होऊ द्या. बर्फाच्या पाण्यात घालू नका. मान वाकडी धरत असेल किंवा उलटा केल्यावर सुलटा होत नसेल तर लगेच डॉक्टरांकडे न्या.

९. थंडी आणि शीतनिद्रा

कॉर्न स्नेकसारखे समशीतोष्ण प्रदेशातले साप हिवाळ्यात १० ते १३ अंशांना शीतनिद्रा घेतात. ती पैदाशीसाठी उपयोगी आहे, पाळीव सापाला आवश्यक नाही. पहिल्या वर्षी या वाटेला जाऊ नका. बॉल पायथन, बोआ यांच्यासाठी तर शीतनिद्रा नाहीच. थंड महिन्यांत बॉल पायथन कित्येक आठवडे खात नाही. वजन टिकून असेल तर घाबरायचं कारण नाही. दहा टक्क्यांहून जास्त घटलं तर तपासून घ्या.

खाण्याचं एक पक्कं लक्षात ठेवा. खाल्ल्यावर ऊब मिळाली नाही तर पोटातलं भक्ष्य पचण्याऐवजी कुजतं आणि साप ते ओकून टाकतो. म्हणून हीटर बिघडलेला असताना किंवा वीज बेभरवशाची असताना खायला घालू नका. साप ओकला तर दहा-पंधरा दिवस पोटाला विश्रांती द्या, मग नेहमीपेक्षा लहान भक्ष्य द्या. गोठवलेलं भक्ष्य वितळवून देत असाल तर उष्म्यात ते लवकर खराब होतं. सापानं तासाभरात घेतलं नाही तर काढून टाका.

१०. वीज गेली तर

थंडीत : पेटीला थर्मोकोल आणि घोंगडी लपेटा, हवेसाठी फट ठेवा. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीच्या बाहेरच्या अंगाला टेकवा. वीज आल्यावर तापमान एकदम चढवायची घाई नको. उष्म्यात : वर सांगितलेल्या बाटल्या आधीपासून गोठवून ठेवलेल्या हव्यात. वीज परत आल्यावर थर्मोस्टॅटची सेटिंग तशीच आहे ना, ते बघा. काही थर्मोस्टॅट मूळ सेटिंगवर परत जातात.

११. तब्येत बिघडल्याच्या खुणा

- नाकातोंडाशी बुडबुडे, श्वासाला शिट्टीसारखा आवाज : श्वसनाचा आजार, बहुधा थंड-दमट हवेमुळे
- पोटाच्या खवल्यांवर तपकिरी डाग, फोड, ओल : तळ सतत ओला राहतो आहे
- डोळ्यांवर किंवा शेपटीच्या टोकाला कात अडकलेली : हवा कोरडी. डोळ्यावरची कात स्वतः ओढू नका. आधी आर्द्रता वाढवा, पुढच्या वेळीही राहिली तर डॉक्टरांना दाखवा.
- पाण्याच्या भांड्यात काळे बारीक ठिपके, साप तासन्‌तास पाण्यात : गोचिडासारख्या माइट्स. उबदार, दमट हवेत त्या झपाट्यानं वाढतात.

सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्य सगळीकडे नसतात. साप आणण्याआधी त्यांचा पत्ता, वेळ आणि रजेच्या दिवशीचा पर्याय विचारून ठेवा. जाताना साप कापडी पिशवीत, ती पिशवी थर्मोकोलच्या डब्यात, आणि सोबत तापमान, आर्द्रता, वजन, खाणं आणि कात यांच्या नोंदींची वही. बरेचदा डॉक्टर सापाच्या आधी ती वहीच बघायला मागतात.